तिथीची पाऊणपट

"वहिनींचं आज मौन आहे ना? मग बोला मोकळेपणानं," असं म्हणत शेलारभावजींनी नकाशा माझ्या पुढ्यातच पसरला आणि तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर देवघरातलं निरांजन ठेवलं.

मी निरांजन उचललं, त्याच्या जागी वरवंटा ठेवला आणि पुन्हा वाती वळायला बसले.

कराडच्या वसाहतीत त्या काळी सोमवारी वीज बंद असे, म्हणून ह्यांच्या पंपांच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी. हे तिथे फोरमन. हुपरीकरभावजी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि शेलारभावजींचं नाक्यावर गॅरेज होतं. तिघांकडे तीन गाड्या होत्या. ह्यांची येझदी, हुपरीकरांची राजदूत आणि शेलारांची बुलेट. गेले काही महिने दर सोमवारी दुपारी चारला हे तिघे आमच्या बाहेरच्या खोलीत जमत आणि कुठे कुठे जाऊन येत, ते सगळं नकाशावर. या खेपेला मात्र रजेचे अर्ज खरोखर गेले होते.

माझं सोमवारचं मौन सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत. ते सासूबाईंचं व्रत. त्या गेल्या त्या वर्षी मी ते उचललं, त्याला तेव्हा सहावं वर्ष लागलं होतं. मौनात खुणा चालत, लिहिणं चालत नसे. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. पण वाटतं खरं.

"पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी पहाटे निघायचं," हे म्हणाले. "आंबा घाट उतरून संध्याकाळपर्यंत सावरवेळ. तिथून मचव्यात गाड्या घालून थोरली कासारी. हे पहिलं बेट. वस्ती नाही, एक विहीर आहे. तिथे मुक्काम."

"आणि शनिवारी धाकटी कासारी," हुपरीकर म्हणाले. "ती खरी मजा. दोन बेटांच्या मध्ये समुद्र आहे, पण सकाळी दहाला तो बाजूला होतो आणि वाळूची पट्टी उघडी पडते. अर्धा मैल असेल. घट्ट वाळू, बैलगाडी जाईल. तीवरून गाड्या घालायच्या."

"रोज दहाला?" शेलारांनी विचारलं.

"रोज. समुद्र म्हणजे काय आपल्या कारखान्याचा भोंगा वाटला, चुकायला? मी स्वतः चालत गेलोय. माझा मेहुणा आहे सावरवेळच्या शाळेत मास्तर. दोन वर्षांमागे त्याच्याकडे गेलो होतो. सकाळी दहाला पट्टीवरून जाऊन आलो आणि दुपारी मचव्यानं परत येऊन वांग्याचं भरीत आणि रोडगे. काय भरीत होतं."

मौनात हसलेलं चालतं की नाही हे सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं. मी तोंडाला पदर लावला.

माझं माहेर कोकणातलं, तिथून पुष्कळ उत्तरेला, एका खाडीच्या काठी. वडील भिक्षुकी करत. त्यांचे निम्मे यजमान खाडीच्या पलीकडे, त्यामुळे ओहोटीला धोतर खोचून खाडी उतरायची आणि पुढच्या ओहोटीला परत यायचं. घड्याळ नव्हतं, पंचांग होतं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. सहा तास सोडले की ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. हे मला उजळणीच्या आधी पाठ होतं. समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. देशावरच्या तीन कर्त्या पुरुषांना ते ठाऊक नव्हतं.

घरोघर भरीत-रोडगे कधी होतात? चंपाषष्ठीला. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे त्या दिवशी साडेदहाला ओहोटी, आणि हुपरीकर दहाला चालत गेले ते अगदी खरं. पण हे जाणार होते तो शनिवार पौष पौर्णिमेचा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दहाला तिथे पुरुषभर पाणी असणार होतं, तेही उधाणाचं.

"बायकांचं काय?" शेलारांनी विचारलं. "माझी म्हणत होती, आम्हालाही न्या."

"बायका नकोत," हुपरीकर म्हणाले.

"हिचा तर प्रश्नच नाही," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिच्या नेमांत ते बसत नाही. शिवाय माझ्या मागच्या सीटवर तंबू बांधायचा आहे."

माझी वात वळता वळता तुटली. मला जायचं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मी समुद्र पाहिला नव्हता. ह्या घरात तो मला दाखवायला कोणी नकार दिला नव्हता, कोणाच्या मनात आलं नव्हतं एवढंच.

दिवेलागणी झाली. देवाचं म्हणून झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मलाही यायचंय."

"कुठे?"

"बेटावर."

हे हसले. वाईट नाही हसले. "अगं, पहाटेची आंघोळ, सोवळं, जप, पोथी. तिथे विहिरीला रहाट तरी असेल की नाही कोण जाणे. आणि बसणार कुठे? मागे तंबू आहे."

"तंबूला हौस आहे का समुद्राची?"

"काहीतरीच बोलतेस."

"शनिवारी पौर्णिमा आहे," मी म्हटलं.

"चांगलंच की. चांदणं पडेल."

"तसं नव्हे. पौर्णिमेला भरती..."

"पौर्णिमेला तुझा सत्यनारायण असतो, माहीत आहे मला. प्रसाद ठेव आमचा." आणि हे येझदीचा प्लग साफ करायला गेले.

मी देवाकडे पाहिलं. सांगायला गेले होते, हे त्यानं पाहिलं होतं. आता पुढचं जरा माझ्या पद्धतीनं करायला हरकत नव्हती. गप्प मात्र बसून चालणार नव्हतं. भरलेल्या समुद्रात कोणी गाडी घालत नाही, पण पट्टी अर्धवट दिसली की घालणारे होते, आणि त्यांत शेलारभावजी पहिले.

पुढच्या सोमवारी बैठक लांबली. तंबू शाळेच्या स्काउटकडून आला होता आणि त्याच्या काठ्या खोलीभर पसरून तिघे त्यांत अडकून बसले होते. मी त्यांच्यामधून वाट काढत देवघरात गेले, दिवा लावला, हात जोडून म्हणायचं ते म्हटलं. बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिले.

"हुपरीकरभावजी, येत्या शनिवारी दहाला ती पट्टी उघडी नसणार."

तिघांनी एकदम वर पाहिलं. देवघरातली समई बोलली असती तर त्यांनी असंच पाहिलं असतं.

"वहिनी, मी डोळ्यांनी पाहिलीय."

"चंपाषष्ठीला पाहिलीत. शनिवारी पौर्णिमा आहे. शनिवारी ती संध्याकाळी सव्वापाचला उघडेल."

"तुम्हाला कसं ठाऊक, मी चंपाषष्ठीला गेलो होतो?"

"भरीत खाल्लंत ना."

हुपरीकर चांगलेच दुखावले. स्टोअरकीपर माणूस; चार वर्षांपूर्वीचा बोल्टही कुठल्या खणात आहे ते सांगेल, आणि त्याला एक बाई वांग्यावरून खोटं पाडत होती. "समुद्र काय पंचांग बघून चालतो?"

"समुद्र बघत नाही. आम्ही बघतो."

"मग लावा पैज," शेलार म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "हुपरीकर म्हणतो दहा, वहिनी म्हणतात सव्वापाच. सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

"लावू," हुपरीकर म्हणाले.

"पण निकाल लागणार बेटावर," शेलार म्हणाले. "वहिनी कराडात बसून कशा बघणार? उद्या म्हणतील, तुम्ही तिघांनी मिळून खोटं सांगितलं."

"तेच माझ्या मनात आलं होतं," मी हळूच म्हटलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. ते फोरमन होते. कुठला नट कुठल्या पान्यानं फिरवला हे त्यांना कळत असे.

"तंबू राजदूतवर जाईल," शेलारांनी फैसला देऊन टाकला. "मी माझ्या मेव्हण्याचा दुसरा तंबू आणतो. आता पैज काय? वहिनी, तुम्ही जिंकलात तर?"

"तर धाकट्या कासारीवर पहिलं पाऊल माझं. तुम्ही तिघं मागून."

"आणि हरलात तर?" हुपरीकरांनी विचारलं. "वर्षभर बेसनाचे लाडू?"

"हरली तर," हे मध्येच म्हणाले, "सोमवारचं मौन सोडायचं."

शेलारांनी उगाच तंबूची एक काठी उचलून दुसरीत घालून पाहिली. मला वाटलं हे चेष्टा करतायत, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"आईंचं व्रत आहे ते," मी म्हटलं.

"मग हरू नकोस."

मी हो म्हटलं. त्या रात्री जपात मात्र तीनदा मणी चुकला. वडिलांचा हिशेब आमच्या खाडीचा. सावरवेळ शंभर मैल दक्षिणेला, आणि तिथे खाडी नाही, उघडा समुद्र. तिथेही तोच हिशेब लागतो का, हे मी कोणाला विचारलेलं नव्हतं. विचारायचं झालं तर वडीलही राहिले नव्हते.

प्रवासाचं मी जास्त सांगत नाही. मी नऊवारी घट्ट नेसले होते आणि कमरेला जपमाळेची पिशवी बांधली होती. घाटात वळणावर हे म्हणाले, "घट्ट धर," आणि मी म्हटलं, "धरलंय." अकरा वर्षांत एवढा वेळ आम्ही एकमेकांना टेकून बसलो नव्हतो. सावरवेळला मचवेवाल्यानं तिन्ही गाड्या आडव्या घालून दोरानं आवळल्या, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्या पण?" शेलार म्हणाले, "ह्याच. आम्ही नुसते बरोबर." मचवेवाल्याला मीच विचारून घेतलं असतं तर पैजेला अर्थ राहिला नसता, म्हणून मी सबंध वाट ओठ मिटून समुद्राकडे बघत होते. तो माझ्या आठवणीपेक्षा हिरवा होता.

थोरल्या कासारीवर आम्ही दोन तंबू ठोकले. हुपरीकरांचा तंबू दोनदा पडला. त्यांनी त्याचा दोष वाऱ्याला दिला.

माझा पहाटे साडेचारचा नेम. शनिवारी मी उठून विहिरीवर आंघोळ केली, ओल्या अंगानं जप केला आणि नंतर मला राहवेना. सकाळची ओहोटीही सव्वापाचचीच यायला हवी होती. हिशेब खरा असेल तर आत्ताच दिसणार होतं. मी ओचा खोचला आणि टेकाड उतरून पलीकडच्या किनाऱ्यावर गेले.

पट्टी होती. चंद्र समोर मावळतीकडे झुकला होता आणि त्याच्या उजेडात ती थोरल्या बेटापासून धाकट्यापर्यंत सरळ निघाली होती, सारवून ठेवल्यासारखी ओली. दोन्ही बाजूंना समुद्र होता, पण तोही जरा अदबीनं दूर उभा राहिल्यासारखा.

परत जाऊन ह्यांना उठवावं, एवढं सरळ होतं. पण पहिलं पाऊल माझं ठरलं होतं, आणि ते तीन पुरुष मागे उभे राहून टाळ्या वाजवत असताना टाकायला मला लाज वाटली असती. मी चालायला लागले. वाळू घट्ट होती. हुपरीकरभावजींचं तेवढं बरोबर होतं.

धाकट्या बेटावर चढावर एक उभा काळा दगड होता. नव्या जागी आपण येतो तेव्हा तिथल्या देवाला सांगावं लागतं. मी पिशवीतली कुंकवाची डबी काढली, दगडाला हळद-कुंकू लावलं, ओल्या फडक्यात घरून आणलेली तुळशीची दोन पानं ठेवली, नमस्कार केला आणि पाणी वळायच्या आत परत आले. तंबूंत तिघे घोरत होते. मी स्टोव्ह पेटवून चहा टाकला.

दहा वाजता हुपरीकर राजदूतवर सामान बांधून किनाऱ्यावर आले. शेलार आले. हे आले. समोर निळा समुद्र बेटापासून बेटापर्यंत भरलेला, वर आणखी चढतच चाललेला.

हुपरीकरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"पट्टी गेली कुठे?" अखेर हुपरीकर म्हणाले.

"खाली आहे," मी म्हटलं. "चहा घेणार का आणखी?"

"थोडं थांबू. येईल." आणि ते खरोखर बारापर्यंत उन्हात थांबले. पाणी त्यांच्या चपलांपाशी आलं तेव्हा ते एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक. शेलार वाळूत आडवे पडून हसत होते. हे हसत नव्हते. ते एकदा समुद्राकडे बघत आणि एकदा माझ्याकडे.

संध्याकाळी पाचला पट्टीची पाठ दिसायला लागली. सव्वापाचला ती पुरी उघडी झाली. ह्यांनी येझदी पुढे काढली, मी मागे बसले. मागून बुलेट, सगळ्यांत शेवटी राजदूत, तिच्यावर तंबू. पलीकडे पोचल्यावर शेलारांनी हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं. "आधी वहिनी."

मी उतरले आणि धाकट्या कासारीवर पाऊल ठेवलं. जमेल तेवढं नवीन असल्यासारखं ठेवलं.

"कोणी आलं नसेल इथे वर्षानुवर्षं," शेलार म्हणाले आणि चढ चढून गेले. तिथूनच त्यांची हाक आली, आणि ती नेहमीची नव्हती. "अरे हुपरीकर, इकडे ये. इथे कुणीतरी राहतं."

दगडाला ताजं हळद-कुंकू होतं आणि तुळशीची पानं अजून सुकली नव्हती. हुपरीकरांनी टोपी काढली. "बेटावर तुळस नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मग ही आली कुठून?" दोघांनी दगडाला लांबूनच नमस्कार केला आणि तंबू तिथून शंभर पावलं दूर ठोकायचं ठरवलं.

हे दगडाजवळ गेले. कुंकवाखाली मी नेहमी हळदीचं एक बारीक बोट ओढते, सासूबाईंची पद्धत. ह्यांनी ते पाहिलं. नंतर माझ्या ओच्याला लागलेल्या कोरड्या वाळूकडे पाहिलं. मग गाडीपाशी परत आले आणि फडकं घेऊन चाकाची वाळू पुसायला लागले. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"जिंकलीस," हे म्हणाले.

"हो."

"हरली असतीस तर बरं झालं असतं."

ते पुसतच राहिले.

"मला सुट्टी एक दिवस. त्या दिवशी घरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसतो. आई होती तोवर तिचं मौन असायचं, पण तू बोलायचीस. म्हणून ह्या दोघांना बोलवायला लागलो. नकाशा वगैरे नंतर सुचलं."

"सांगायचं होतंत."

"काय सांगू? आईचं व्रत टाक म्हणून? पैजेत गेलं असतं तर कोणाकडे दोष नव्हता." त्यांनी फडकं झटकलं. "असू दे. जिंकलीस ते जिंकलीस."

रविवारभर आम्ही त्या बेटावर होतो. हुपरीकरांनी मला पाऊणपटीचा हिशेब विचारला, वहीत लिहून घेतला आणि वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचं हे तीनदा विसरले. मी बोलत होते त्यांच्याशी, पण चित्त दुसरीकडे होतं. उपास शंकराचा, तो सोमवारीच. पण मौन शंकराचं असतं असं सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सोमवार धरला तेव्हा आमचे मामंजी पोस्टात होते, आणि पोस्टाला सुट्टी रविवारी.

सोमवारी सूर्योदयाआधी मी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राहिले, ओंजळीत पाणी घेतलं आणि संकल्प सोडला: मौन चालू ठेवते, यापुढे बुधवारी. देवानं हरकत घेतली नाही. घ्यायची असती तर चांगला मोठा समुद्र त्याच्या हाताशी होता.

सातला सामान बांधून झालं आणि शेलारांनी कपाळावर हात मारला. "आज सोमवार. आता निघायचं कधी, हे विचारायचं कोणाला? हुपरीकर, काढ तुझी वही."

हुपरीकरांनी वही काढली. त्यांनी सतराची पाऊणपट केली होती; त्या हिशेबानं पट्टी संध्याकाळी पावणेसातला उघडणार होती.

"वहिनी," शेलार माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाले, "नुसती बोटं दाखवा. आम्ही समजून घेऊ."

हे येझदीवर बसले होते, पाठ माझ्याकडे.

"आज वद्य द्वितीया," मी म्हटलं. "दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, साडेसातला ओहोटी. आता अर्धा तास आहे. हुपरीकरभावजी, तुमचा दोर सुटलाय."

ह्यांचा किकवर ठेवलेला पाय तसाच राहिला. मान मात्र वळवली नाही. मी जाऊन मागे बसले.

पट्टी ओलांडताना मी त्यांना वडिलांचं खाडी उतरणं सांगितलं. मचव्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कसं ठरलं ते सांगितलं. घाटात शेजारच्या काकूंचं आणि त्यांच्या सुनेचं सगळं सांगितलं. मलकापूरच्या अलीकडे ह्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "मंगळवार लागेपर्यंत हे असंच चालणार का?"

"हो," मी म्हटलं.

ह्यांनी हेल्मेट काही पुन्हा डोक्यावर चढवलं नाही. ते हँडलला अडकवलं, कान मोकळे ठेवले आणि गाडी सुरू केली.